बायोगॅसचे शुद्धीकरण

शेण, पालापाचोळा, उष्टे अन्न किंवा मैला यांसारखे सेंद्रिय पदार्थ हवेचा संपर्क तोडून कुजू दिले की त्यांतून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो, ही गोष्ट मानवाला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. इटालियन शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा याने १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या काठच्या दलदलीतून असा वायू गोळा केला आणि तो पेटतो हे प्रयोगाने दाखवून दिले. भारतात या वायूची ओळख सर्वसामान्य माणसाला झाली ती ‘गोबरगॅस’ या नावाने. जशभाई पटेल यांनी विकसित केलेल्या, वर लोखंडी टोपी तरंगत असलेल्या संयंत्राचा पुरस्कार खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकाच्या आरंभी केला. पुढे १९८१-८२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प हाती घेतला आणि खेडोपाडी लाखो घरांच्या परसात अशी संयंत्रे उभी राहिली.

या संयंत्रांनी धुराने भरलेल्या स्वयंपाकघरांना मोठाच दिलासा दिला. परंतु त्यांच्या वायूला एक मर्यादा होती. तो जेथे तयार होई तेथेच, फार तर नळीने पन्नास-शंभर मीटर अंतरावर नेऊन, वापरावा लागे. पेट्रोल पिंपातून नेता येते, स्वयंपाकाचा गॅस सिलिंडरातून नेता येतो. मग बायोगॅस का नेता येत नाही? या प्रश्नाचे उत्तर त्या वायूच्या घडणीत आहे. तो एक वायू नसून अनेक वायूंचे मिश्रण आहे आणि त्यांतला जळणारा वायू इतरांपासून वेगळा केल्याखेरीज तो प्रवासाला निघू शकत नाही. हे वेगळे करण्याचे काम म्हणजेच बायोगॅसचे शुद्धीकरण. हे एक प्रकारचे वजाबाकीचे गणित आहे. मात्र काय वजा करावयाचे एवढेच येथे पाहून चालत नाही. जे वजा केले ते कोठे जाते, हेही पाहावे लागते. या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले तर सारा खटाटोप व्यर्थ जाण्याचा संभव असतो.

मिश्रण कसे तयार होते

बंद टाकीत चालणारी कुजण्याची क्रिया एकाच प्रकारच्या जीवाणूंचे काम नव्हे. काही जीवाणू पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ यांचे मोठे रेणू फोडून त्यांचे लहान, पाण्यात विरघळणारे रेणू करतात. दुसरे काही त्यांपासून आम्ले बनवितात. आणखी काही या आम्लांचे रूपांतर ॲसेटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांत करतात. शेवटी मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव येतात. हे दिसायला जीवाणूंसारखे असले तरी त्यांचे कूळ अगदी निराळे आहे, हे अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. प्राणवायूचा स्पर्शही त्यांना सहन होत नाही. ते ॲसेटिक आम्लाचे दोन तुकडे करतात, एक मिथेनचा आणि दुसरा कार्बन डायऑक्साइडचा. त्यांतील काही सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचा संयोग करूनही मिथेन बनवितात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कार्बन डायऑक्साइड हा बाहेरून आलेला मळ नाही. मिथेन ज्या क्रियेने जन्मतो त्याच क्रियेने तोही जन्मतो. साध्या साखरेचा एक रेणू पूर्णपणे कुजला तर त्यापासून मिथेनचे तीन आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू मिळतात, म्हणजे निम्मे-निम्मे. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइडचा काही भाग टाकीतल्या द्रवात विरघळून राहतो. शिवाय स्निग्ध पदार्थांपासून मिथेन अधिक मिळतो. त्यामुळे बाहेर येणाऱ्या वायूत मिथेनचे प्रमाण साधारणपणे ५० ते ६५ टक्के असते. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा असतो. त्यांच्या जोडीला पाण्याची वाफ असते, आणि प्रथिनांतील गंधकापासून तयार झालेला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू अल्प प्रमाणात असतो.

आपण एक उदाहरण घेऊ. शंभर घनमीटर बायोगॅसमध्ये ६० घनमीटर मिथेन आणि ३८ घनमीटर कार्बन डायऑक्साइड आहे असे धरू. आकारमान पाहिले तर मिथेनचे पारडे जड दिसते. वजन करून पाहिले तर चित्र उलटते. नेहमीच्या तापमानाला या मिथेनचे वजन सुमारे ४० किलोग्रॅम भरेल, तर कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ६८ किलोग्रॅम. म्हणजे हा वायू आहे तसा वाहून नेऊ म्हटले, तर दर ४० किलो इंधनामागे त्याहून कितीतरी जड आणि मुळीच न जळणारे ओझे वाहावे लागेल.

चुलीला जे चालते ते इंजिनाला चालत नाही

घरगुती शेगडीसाठी या मिश्रणाचे शुद्धीकरण करण्याची गरज नसते. एक घनमीटर शुद्ध मिथेन जाळला असता सुमारे ८,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते, तर वरच्या उदाहरणातील एक घनमीटर बायोगॅसपासून सुमारे ५,१००. शेगडीची छिद्रे या वायूला साजेशी ठेवली की डाळ-भात शिजविण्यास एवढी उष्णता पुरते. परसातल्या संयंत्रावर शुद्धीकरणाची यंत्रे बसविणे म्हणजे ओढा ओलांडण्यासाठी जहाज बांधण्यासारखे होईल.

परंतु तोच वायू मोटारीत भरावयाचा असेल तर गोष्ट वेगळी होते. मिथेनला नेहमीच्या तापमानाला कितीही दाबले तरी तो द्रवरूप होत नाही. त्यासाठी त्याचे तापमान उणे ८२ अंश सेल्सिअसच्याही खाली न्यावे लागते. स्वयंपाकाच्या सिलिंडरातील प्रोपेन आणि ब्यूटेन मात्र थोड्या दाबानेच द्रवरूप होतात. म्हणून मिथेन वायुरूपातच, वातावरणाच्या सुमारे दोनशेपट दाबाखाली, जाड भिंतीच्या सिलिंडरात कोंबावा लागतो. अशा मोलाच्या जागेत न जळणाऱ्या वायूला वाटा देणे परवडत नाही. शिवाय पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे तिघे एकत्र आले की आम्ल तयार होते आणि पोलाद आतून गंजू लागते. ज्या सिलिंडरावर दोनशे वातावरणांचा दाब आहे त्याला आतून गंज लागणे किती धोक्याचे आहे हे सांगावयास नको.

गंधकाचा वायू

शुद्धीकरणात बहुधा पहिला क्रम हायड्रोजन सल्फाइडचा लागतो. दहा लाख भाग बायोगॅसमध्ये याचे काही शेकडा ते काही हजार भाग असतात. प्रमाण अल्प असले तरी त्याचे उपद्रव अनेक आहेत. कुजलेल्या अंड्यासारखा याचा वास प्रसिद्ध आहे. पण हा वायू थोडा अधिक झाला की नाकातील गंधज्ञान बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास थांबला म्हणजे संकट टळले, अशी समजूत करून घेऊन टाकीत उतरणाऱ्या माणसाचा त्यामुळे घात होतो.

हा वायू काढण्याचा जुना आणि सोपा उपाय म्हणजे लोखंडाचा गंज. लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिलेल्या लाकडाच्या भुशातून किंवा लोखंडाच्या गंजलेल्या किसातून बायोगॅस जाऊ दिला की गंधक लोहाशी संयोग पावून तेथेच अडकते. काही काळाने हा किस निकामी होतो. मग तो बाहेर काढून हवेत पसरला की प्राणवायूच्या योगाने पुन्हा लोहाचे ऑक्साइड तयार होते आणि गंधक सुटे होते. मात्र या क्रियेत उष्णता निर्माण होते. ढीग दाट ठेवल्यास तो आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून हे काम सावकाश आणि ओलावा राखून करावे लागते.

दुसरा उपाय याहूनही स्वस्त आहे. टाकीतील मोकळ्या जागेत मोजकी हवा सोडली की काही जीवाणू तेथील हायड्रोजन सल्फाइडचे रूपांतर पिवळ्या गंधकात करतात. वीज निर्माण करणाऱ्या इंजिनासाठी वायू हवा असेल तर ही पद्धत उत्तम होय. परंतु वाहनाचे इंधन करावयाचे असेल तर हीच पद्धत अडचणीची ठरते. कारण हवेबरोबर नायट्रोजन आत येतो, आणि नायट्रोजनचा व मिथेनचा रेणू आकाराने व स्वभावाने इतके जवळचे आहेत की त्यांना पुढे वेगळे करणे फार खर्चाचे होते. एका कामी जी काटकसर ठरते ती दुसऱ्या कामी उधळपट्टी होते. म्हणून वायूचा शेवटचा उपयोग कोणता, हे शुद्धीकरणाच्या पहिल्या पायरीआधीच ठरविले पाहिजे. वाहनाच्या इंधनासाठी टाकीतच लोहाचे क्षार मिसळणे किंवा वायू सक्रियित कोळशातून नेणे हे मार्ग अधिक सोयीचे असतात.

पाण्याने धुणे

यानंतरचे मुख्य काम म्हणजे कार्बन डायऑक्साइड काढणे. त्याची समजण्यास सर्वांत सोपी पद्धत पाण्याची आहे. सोडावॉटरची बाटली पाहिली असेल त्याला तिचे तत्त्व लगेच उमगेल. दाब वाढविला की कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो. बूच उघडून दाब कमी केला की तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. २५ अंश तापमानाला सारख्याच दाबाखाली पाण्यात मिथेनचा एक रेणू विरघळतो, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे सुमारे पंचवीस रेणू विरघळतात. याच फरकाचा उपयोग करून घेतला जातो.

एक उंच मनोरा प्लास्टिकच्या लहान-लहान कड्यांनी भरलेला असतो. वातावरणाच्या सहा ते दहापट दाबाखाली बायोगॅस तळाकडून आत सोडतात. वरून पाण्याची धार पडत असते. कड्यांमुळे पाणी पातळ थरांत पसरते आणि वायूशी त्याची गाठ पडते. कार्बन डायऑक्साइड पाण्याबरोबर खाली जातो आणि मिथेन वरच्या टोकाला येतो. मग तो वाळवून सिलिंडरात भरता येतो. खालचे पाणी दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन त्यात हवा फुंकली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तेच पाणी पुन्हा वापरता येते. भारतात दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. वीरेंद्रकुमार विजय आणि त्यांचे सहकारी यांनी या पद्धतीवर, लहान संयंत्रांना परवडावी अशा बेताने, बरेच काम केले. केंद्र सरकारच्या साहाय्याने नाशिक जिल्ह्यातील तळवाडे येथे २०११ मध्ये बायोगॅस शुद्ध करून सिलिंडरात भरण्याचे प्रात्यक्षिक संयंत्रही सुरू झाले.

पाण्याची पद्धत सोपी असली तरी ती हवामानाच्या अधीन आहे. पाणी जितके थंड, तितका त्यात वायू अधिक विरघळतो. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात, एका वातावरणाच्या दाबाला, सुमारे २.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो. २५ अंशांना हे प्रमाण १.४५ ग्रॅमच्या जवळपास येते आणि ४० अंशांना जेमतेम एक ग्रॅमवर उतरते. आपल्या उदाहरणातील ६८ किलो कार्बन डायऑक्साइड दहा वातावरणांच्या दाबाखाली धुऊन काढावयाचा, तर २५ अंशांच्या पाण्याला हिशेबाप्रमाणे किमान बारा हजार लिटर पाणी खेळवावे लागेल, आणि ४० अंशांच्या पाण्याला सुमारे अठरा हजार. स्वीडनमध्ये ही पद्धत फार यशस्वी झाली. तेथे शहरांतील बसगाड्या या इंधनावर चालतात आणि लिंशेपिंग येथे २००५ मध्ये बायोगॅसवर चालणारी रेल्वेगाडीही सुरू करण्यात आली. परंतु तेथील विहिरीचे पाणी आणि विदर्भातील किंवा राजस्थानातील मे महिन्याचे पाणी यांत फार अंतर आहे. तेथील यंत्र जसेच्या तसे येथे उभारले, तर उन्हाळ्यात पंप अधिक चालवावे लागतील किंवा पाणी थंड करण्यासाठी वीज खर्च करावी लागेल.

याच हिशेबात आणखी एक बाब दडलेली आहे. मिथेन पाण्यात फार थोडा विरघळतो हे खरे. पण पाणीच बारा हजार लिटर असेल तर त्याबरोबर जाणारा मिथेन सुमारे दीड किलो भरतो. चाळीस किलोंतून दीड किलो म्हणजे जवळजवळ चार टक्के. म्हणून सुजाण अभियंता दोन मनोऱ्यांच्या मध्ये आणखी एक भांडे ठेवतो. त्यात दाब अर्ध्याहून कमी केला जातो, पण पूर्ण उतरविला जात नाही. मिथेन आधी सुटतो आणि तो पुन्हा आरंभाकडे पाठविला जातो. या साध्या भांड्यावर किती गोष्टी अवलंबून आहेत हे पुढे दिसून येईल.

कोळसा, द्रावण आणि पोकळ तंतू

पाण्याशिवाय आणखी तीन पद्धती व्यवहारात आहेत. पहिलीत अतिसूक्ष्म छिद्रांचा खास बनविलेला कोळसा वापरतात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू मिथेनच्या रेणूपेक्षा किंचित बारीक असतो. दाबाखाली तो या छिद्रांत चटकन शिरतो आणि मिथेन मागे राहून पुढच्या नळीत जातो. कोळसा भरला की दाब काढून घेतात, म्हणजे अडकलेला वायू बाहेर पडतो. एक भांडे भरत असताना दुसरे रिकामे होत असते. अशी बहुधा चार भांडी आळीपाळीने काम करतात. या पद्धतीला पाणी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र हायड्रोजन सल्फाइड एकदा या कोळशाला चिकटला की सहजासहजी सुटत नाही, म्हणून तो आधीच काढलेला असावा लागतो.

दुसरीत पाण्याऐवजी अमाइन जातीच्या रसायनाचे द्रावण वापरतात. हे रसायन कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते आणि मिथेनला जवळजवळ शिवतही नाही. त्यामुळे मिथेनची नासाडी हजारात एक भागापेक्षाही कमी होऊ शकते. पण पकडलेला वायू सोडविण्यासाठी द्रावण शंभर अंशांहून अधिक तापवावे लागते, आणि या उष्णतेसाठी इंधन खर्ची पडते. जवळच्या कारखान्यातून वाफ मिळत असेल तेथे ही पद्धत शोभते.

तिसरी पद्धत पटलांची. केसासारख्या बारीक, आतून पोकळ अशा बहुवारिकाच्या हजारो तंतूंची जुडी एका नळकांड्यात बसविलेली असते. दाबाखालील वायू तंतूंतून वाहू लागला की कार्बन डायऑक्साइड त्यांच्या भिंतीतून वेगाने पाझरतो. मिथेन फार सावकाश पाझरत असल्यामुळे तो दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो. सावकाश म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. म्हणून पाझरलेला वायू दुसऱ्या आणि तिसऱ्या जुडीतून पुन्हा नेतात.

यांपैकी श्रेष्ठ पद्धत कोणती, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. पाणी मुबलक आणि थंड आहे की नाही, फुकटची उष्णता आहे की नाही, विजेचा दर काय, यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस किती लांबून येणार, यांवर निवड अवलंबून असते.

किती शुद्ध असावे

भारतीय मानक ब्यूरोने बायोमिथेनसाठी २०१३ मध्ये मानक तयार केले आणि २०१६ मध्ये त्यात सुधारणा केली. त्याप्रमाणे या इंधनात मिथेन किमान ९० टक्के असला पाहिजे. कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांहून अधिक नसावा आणि गंधक दर घनमीटरला २० मिलिग्रॅमच्या आत असावे. शंभर टक्के शुद्धतेचा आग्रह कोठेही धरला जात नाही. नव्वदाचे पंचाण्णव करण्यास जो खर्च येतो त्याहून पंचाण्णवाचे नव्व्याण्णव करण्यास अधिक येतो, आणि इंजिनाला त्याचा लाभ तितकासा होत नाही. शुद्ध मिथेनला वास नसतो. तो कोठे गळला तर कळावे म्हणून नळाने पुरविण्यापूर्वी त्यात गंधकाचेच एक उग्र वासाचे संयुग अगदी थोडे मिसळतात. एवढ्या कष्टाने काढलेले गंधक अशा रीतीने मोजूनमापून परत येते.

शहराचा कचरा, शेताची काडी

शुद्धीकरणाची यंत्रे लहान प्रमाणावर परवडत नाहीत. त्यामुळे हे इंधन तयार होते ते कच्चा माल मोठ्या प्रमाणावर एकत्र येतो अशा ठिकाणी. इंदूर शहराच्या देवगुराडिया भागात फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या संयंत्राची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा पचवून सुमारे १७ टन बायोमिथेन आणि सुमारे १०० टन सेंद्रिय खत देण्याची आहे. एक टन कचऱ्यामागे हे सुमारे ३१ किलो इंधन झाले. इंदूरला हे साधले याचे श्रेय यंत्रांइतकेच तेथील घराघरांतील दोन वेगळ्या डब्यांनाही आहे. ओल्या कचऱ्यात काच, प्लास्टिक आणि विजेऱ्या मिसळल्या तर टाकीतील सूक्ष्मजीव मंदावतात आणि उरणारे खत शेतात टाकण्याजोगे राहत नाही. पंजाबात संगरूर जिल्ह्यातील लेहरागागा येथे त्याच वर्षी भाताच्या पेंढ्यापासून हे इंधन करणारे मोठे संयंत्र सुरू झाले. जो पेंढा शेतात जाळल्याने उत्तर भारताचे आकाश धुराने कोंदून जाते, त्याचाच हा उपयोग. महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश येथील साखर कारखान्यांतून निघणारे प्रेसमडही या कामी येते.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ नावाची योजना सुरू केली. २०२३-२४ पर्यंत पाच हजार संयंत्रे उभारून वर्षाला दीड कोटी टन इंधन मिळवावे, असे तिचे उद्दिष्ट होते. मुदत संपली तेव्हा त्याचा लहानसा अंशच प्रत्यक्षात उतरला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरांना गॅस पुरविणाऱ्या संस्थांवर ठरावीक प्रमाणात हे इंधन मिसळण्याचे बंधन घालण्याचा निर्णय झाला. २०२५-२६ मध्ये एक टक्क्यापासून आरंभ करून २०२८-२९ मध्ये पाच टक्क्यांपर्यंत जावयाचे, असा त्याचा क्रम आहे. या विलंबाचे कारण वायू शुद्ध कसा करावा हे ठाऊक नव्हते असे नाही. पेंढा वर्षातून काही आठवडेच मिळतो आणि तो वर्षभर साठवावा लागतो. शेण गावोगाव विखुरलेले असते. तयार झालेले खत घेणारा शेतकरी गाठीशी असावा लागतो. मनोरे आणि तंतू यांच्या आधीची व नंतरची ही कामे अधिक अवघड ठरली आहेत.

निसटलेला मिथेन

आता आरंभी मांडलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जे वजा केले ते कोठे जाते? बायोगॅसमधून निघालेला कार्बन डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी हवेत सोडला जातो. तो वनस्पतींनी अलीकडेच हवेतून घेतलेला असल्यामुळे हवेतील साठ्यात नवी भर पडत नाही. पुरेसा स्वच्छ असेल तर त्याचा शुष्क बर्फ करता येतो. १९०२ मध्ये पॉल साबात्ये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला आढळलेल्या क्रियेने, निकेलच्या सान्निध्यात त्याचा हायड्रोजनशी संयोग घडवून त्यापासून आणखी मिथेन मिळविणेही शक्य आहे. मात्र त्यासाठी लागणारा हायड्रोजन सूर्य किंवा वारा यांच्या विजेपासून स्वस्तात मिळाला पाहिजे.

खरी काळजी आहे ती त्याच्याबरोबर निसटणाऱ्या मिथेनची. पृथ्वीचे तापमान वाढविण्याची मिथेनची शक्ती, शंभर वर्षांचा काळ धरला तर, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. वीस वर्षांचाच काळ धरला तर ती ८० पटींहूनही अधिक आहे. शंभर किलो बायोमिथेनने तितकाच खनिज वायू वाचविला असे समजू. तो जळला असता तर २७५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असता. ही झाली आपली बचत. परंतु हे शंभर किलो मिळविताना दहा किलो मिथेन निसटला असेल तर त्याचा परिणाम २८० किलोंइतका होतो आणि सारी बचत पुसली जाते. वीस वर्षांच्या हिशेबाने तर साडेतीन किलो निसटला तरी तेवढीच हानी होते. पाण्याच्या पद्धतीत मधले भांडे नसेल तर सुमारे चार टक्के मिथेन जातो हे आपण पाहिले. ते भांडे वगळून केलेली काटकसर किती महाग पडते हे यावरून ध्यानात येईल.

अर्थात हा हिशेब कच्च्या मालावरही अवलंबून आहे. शहराचा ओला कचरा उघड्या डोंगरासारखा साचू दिला असता तर आतल्या आत कुजून त्याने मिथेन सोडलाच असता. तो बंद टाकीत पकडणे हा निव्वळ लाभ होय. उन्हात वाळणाऱ्या शेणीची किंवा शेतात पडलेल्या काडीची गोष्ट तशी नाही. त्यांच्यापासून मिथेन फार थोडा झाला असता. टाकीत घालून आपणच तो निर्माण करतो, म्हणून तो शेवटच्या थेंबापर्यंत सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच असते. पचून बाहेर आलेली स्लरी उघड्या खड्ड्यात ठेवली तर तिच्यातून पुढे काही आठवडे मिथेन येत राहतो. त्या खड्ड्यावर वायुरोधक आच्छादन घालणे, बाहेर सोडावयाच्या वायूतील उरलासुरला मिथेन जाळून टाकणे, सांधे आणि झडपा नियमाने तपासणे ही कामे दिसण्यात किरकोळ आहेत. पण संयंत्र हवेचे रक्षण करते की तिची हानी करते, हे त्यांवरच ठरते.

स्लरीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. टाकीतून वायूच्या रूपाने जातो तो मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि प्राणवायू. पिकाला लागणारा नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश हे जवळजवळ सारे स्लरीत उरतात. ती जमिनीत परत गेली तरच हे इंधन खऱ्या अर्थाने पुन्हा पुन्हा मिळणारे ठरते. नाही तर काही वर्षांत जमीन निकस होईल आणि टाकीत घालावयास काडीही उरणार नाही. शुद्ध वायू शहराकडे जातो आणि खताची वाट शेताकडे असते. या दोन्ही वाटा चालू ठेवील, त्याच संयंत्राचे इंधन खरोखर स्वच्छ म्हणता येईल.